गाळलेली ओळ

माझ्या लॅपटॉपची बॅग तीन लग्नांना, एका बारशाला आणि दोनदा दाताच्या डॉक्टरकडे जाऊन आली आहे. चुलत बहिणीच्या हळदीला सगळ्या बायका मांडवात नाचत होत्या आणि मी मासेमारीची जाळी ठेवायच्या खोलीत, उलट्या टोपलीवर लॅपटॉप ठेवून, दोनच बोटांनी टाइप करत बसले होते. बाकीच्या बोटांना हळद होती. तरी तीन-चार बटणं पिवळी झालीच. ती अजून तशीच आहेत.

मी बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत, रसायनं बनवणाऱ्या एका कंपनीत काम करते. आधी लॅबमध्ये होते. कुणाचा प्रिंटर अडकला, कुणाचा पासवर्ड हरवला की मला हाक मारायचे. असं करत करत मी कधी कॉम्प्युटरच्या खोलीत जाऊन बसले ते माझं मलाही कळलं नाही. लग्न केलं नाही, घरी आई नाही, फक्त बाबा. त्यामुळे उशिरा थांबायला मला कुणाची परवानगी लागत नाही, असा कंपनीचा समज होता. तो खरा होता, हे त्यातलं वाईट.

चारेक वर्षांपूर्वी जुना मोठा सर्व्हर बसला आणि हेड ऑफिसने त्याच्या जागी पाच मशीन पाठवली. ही पाच मशीन मिळून एकच असल्यासारखं काम करतात. लॅबचे रिझल्ट, बॅचचे कागद, मालावर लावायची लेबलं, सगळं त्यांच्यावर चालतं. एखादं मशीन दुरुस्तीला काढलं तर त्याचं काम उरलेली चार आपसात वाटून घेतात. याला क्लस्टर म्हणतात. मशीनना नावं द्यायची होती. हेड ऑफिसच्या माणसाने फोनवर विचारलं, काहीही सोपं सांगा. मी सांगितलं: रावस, दाढा, हलवा, पापलेट, मांदेली. सगळ्यात कमी ताकदीचं मशीन ते मांदेली. आमचे साहेब शुद्ध शाकाहारी. "अहो मॅडम, रोज सकाळी मला विचारावं लागतं की पापलेट ठीक आहे का!" असं ते वर्षभर कुरकुरत होते.

या पाच मशीनना हुकूम सोडायचं एक टूल असतं. त्यात चित्रं नाहीत, बटणं नाहीत. काळी खिडकी उघडायची, एक ओळ लिहायची आणि एंटर मारायचं. हेड ऑफिसने ते टूल बसवायची कृती एका मेलमध्ये पाठवली होती. सहा पायऱ्या. वाचताना वाटलं, चहा प्यायच्या आत होईल. मला चार दिवस लागले. कंपनीच्या इंटरनेटने ती फाइलच अडवली. मी घरी गच्चीवर, जिथे मोबाइलला रेंज येते तिथे, वाळत घातलेल्या बोंबलांच्या शेजारी बसून ती उतरवली आणि पेन ड्राइव्हवर घेऊन आले. मग ती चालेना, कारण तिला चालायची परवानगी द्यायची राहिली होती. परवानगी दिली तर कॉम्प्युटर म्हणाला, या नावाची कमांड मला सापडत नाही. म्हणजे फाइल चुकीच्या फोल्डरमध्ये. ती योग्य जागी ठेवली तर मशीन ओळख विचारायला लागली. ओळखीची एक वेगळी फाइल असते, किल्लीसारखी, ती हेड ऑफिसने दुसऱ्या मेलने पाठवली आणि बजावलं, एकाच लॅपटॉपवर ठेवा.

चौथ्या दिवशी दुपारी मी ओळ लिहिली, एंटर मारलं आणि खाली पाच नावं आली. रावस, दाढा, हलवा, पापलेट, मांदेली. प्रत्येकापुढे 'रेडी'. मी खुर्चीवरून उठून उभी राहिले. जवळपास कुणी नव्हतं, नाहीतर मी मिठीच मारली असती. माझ्या एका ओळीवर पाच मशीन हजेरी देतात, हे सुख मी कुणाला समजावून सांगू शकले नाही. बाबांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मंग तू तांडेलीन झालीस." होडीवर तांडेलाचा शब्द शेवटचा असतो. मी आठवडाभर हवेत होते.

हवेतून खाली यायला फार दिवस लागले नाहीत. किल्ली एकाच लॅपटॉपवर आणि लॅपटॉप माझा. म्हणजे लेबल अडकलं, फोन मला. लॅबचा रिझल्ट दिसेना, फोन मला. रजेचा अर्ज दिला की साहेब लगेच सही करायचे आणि सही करता करता म्हणायचे, "रजा मंजूर, फक्त लॅपटॉप सोबत असू द्या." एकदा मी कोळंबी सोलत होते आणि फोन कानाला खांद्याने दाबून, एकाच कोरड्या बोटाने ओळी लिहिल्या. दाताच्या खुर्चीत तोंडात कापूस असताना मी हातवारे करून डॉक्टरांकडून पाच मिनिटं मागून घेतली. कुणी विचारलं, मॅडम नसतील तर? तर साहेब छाती फुगवून म्हणायचे, "मॅडम आहेत ना!" मला याचा संताप यायचा. आणि खरं लिहायचं तर, ते वाक्य ऐकलं नाही की त्या दिवशी चुकल्यासारखंही वाटायचं.

गेल्या पावसाळ्यात बाबांच्या डोळ्यांचं निदान झालं. काचबिंदू. पालघरच्या डॉक्टरांनी सांगितलं, गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली थेंबांनी जमेल तेवढी टिकवू. बाबांना समोरचं पुसट दिसायचं, कडेचं जात चाललं होतं. आमची होडी लहान, ते आणि माझा चुलत भाऊ असे दोघेच जायचे. बाबांनी ठरवलं, दिवाळीनंतर होडी भावाला द्यायची आणि आपण बसायचं.

पण होडी दिली म्हणजे सगळं दिलं असं होत नाही. समुद्रात पाण्याखाली खडक असतात. वरून काही दिसत नाही. त्यांच्यावर जाळं टाकलं तर फाटतं, त्यांच्या बाजूने टाकलं तर दाढा मिळतो. अशा पाच जागा बाबांना ठाऊक होत्या. त्यातल्या दोन त्यांच्या बापाने दाखवलेल्या, तीन त्यांनी स्वतः जाळी फाडून शोधलेल्या. त्या ओळखायच्या जमिनीवरच्या खुणांनी. अणुकेंद्राची चिमणी मागच्या डोंगराच्या खाचेत आली आणि त्याच वेळी दुसऱ्या बाजूला देवळाचा कळस दोन ताडांच्या मधे आला की थांबायचं. खाली खडक. अशा खुणा कुणी कुणाला सांगत नाही. भाऊ दहा वर्षं सोबत होता, पण सुकाणू बाबांच्या हातात आणि तोंड बंद. त्या जागांसाठीच त्यांनी एक दिवस कधी होडी चुकवली नाही. माझ्या शाळेच्या बक्षीस समारंभाला ते आले नाहीत, आईला दवाखान्यात ठेवलं तेव्हा दुपारी आले. "माझ्याबिगर होडी कशी जाईल?" एवढंच म्हणायचे.

एक दिवस जेवताना ते म्हणाले, "बाय, तू यंत्राला काय काय सांगायचं ते वहीत लिवून ठेवतेस ना? तसं माझं लिवशील?"

मी म्हटलं, सांगा की, आत्ता लिहिते.

"घरात बसून नाय सांगता येत. तिकडं उभं रायलो की मला आठवतं. तू चल होडीत."

आमच्या गावात बायका होडीत मासे धरायला बसत नाहीत. बंदरावर मासे उतरले की पुढचं सगळं बायकांचं. चाळीस वर्षांत मी बाबांच्या होडीत खाडीच्या तोंडापलीकडे गेले नव्हते. मी तसं म्हटलं, तर म्हणाले, "मासे धरायला कोण सांगतो? लिवायला चल."

भाऊ म्हणाला, मोबाइलवर जागा टिपता येते, मी टिपतो. बाबा म्हणाले, "टिप ना. पण आदी जागेवर पोचायला नको?" आणि मग मला बाजूला घेऊन खरं कारण सांगितलं. चार जागांच्या खुणा मोठ्या होत्या, भावालाही कळतील अशा. पाचवीची खूण पूर्वी आमच्या घरामागची चिंच होती. रस्त्यासाठी चिंच तोडली तेव्हा बाबांनी तिच्या जागी वसाहतीतली निळ्या पत्र्याची एक शेड धरली. तेव्हा निळी शेड एकच होती. आता समुद्रातून बघितलं तर निळ्या शेडच शेड दिसतात, आणि बाबांना तर सगळं मिळून एकच निळं दिसायचं. "तू रोज बसमधून जातेस. जुनी कुठली, नवी कुठली, तुला कळेल. माझ्या डोळ्याला नाय कळत आता." त्या शेडच्या डाव्या कोपऱ्यावर चढवलेला पांढरा पंखा मला पाठ होता. बंदरावर उभं राहूनसुद्धा तो मी ओळखला असता.

दिवस ठरला दिवाळीनंतरच्या भांगाचा. भांगात भरती-ओहोटीचा जोर कमी असतो, त्यामुळे होडी एका जागी उभी राहते. पण मग खाडीतही पाणी जेमतेम चढतं. आमची खाडी गाळाने भरलेली. साडेसातला पाणी पुरं भरणार, त्यानंतर पंधरावीस मिनिटांत निघालं नाही तर होडी चिखलात बसणार. आणि हा भांग चुकला तर बाबांच्या नजरेचा भरवसा नव्हता. हे मला स्वच्छ ठाऊक होतं.

समुद्रात लॅपटॉप नेता येत नाही. रेंजही नाही. मी साहेबांसमोर जाऊन बसले आणि म्हटलं, एक दिवस, लॅपटॉपशिवाय. मी इतकी ठाम होते की ते घाबरले असावेत. म्हणाले, मग त्याला शिकवा. 'तो' म्हणजे माझा सहकारी, मासवणचा, माझ्याच वयाचा, दोन मुलींचा बाप. बोलायला मोजका. घरची भातशेती करून मोटारसायकलवरून कामाला येणारा. हेड ऑफिसने दुसरी किल्ली द्यायला मंजुरी दिली. मी त्याच्या कॉम्प्युटरवर टूल बसवलं. या वेळी फाइल अडली नाही, परवानगी विसरले नाही, फोल्डर चुकला नाही. माझे चार दिवस त्याच्याकडे वीस मिनिटांत उरकले. त्याने ओळ लिहिली आणि पाचही मासे 'रेडी' म्हणून उभे राहिले. तो हसला आणि म्हणाला, "बरंय की हे! मला वाटलेलं लय कठीण हाय."

मला ते वाक्य झोंबलं.

मग मी त्याच्यासाठी एक पान लिहून काढलं. कुठल्या वेळी कुठली ओळ लिहायची, क्रमाने. त्यात मशीन दुरुस्तीला काढायची रीतही होती. ती अशी. आधी ड्रेन म्हणून एक ओळ लिहायची. म्हणजे त्या मशीनवरची कामं दुसरीकडे जातात आणि नवीन काम येणं बंद होतं. मग दुरुस्ती करायची, मशीन पुन्हा सुरू करायचं. आणि शेवटी अनकॉर्डन म्हणून एक ओळ, म्हणजे ते मशीन पुन्हा काम घ्यायला मोकळं झालं. ही शेवटची ओळ लिहिली नाही तर मशीन चालू असतं, दिवे लागलेले असतात, पण काम घेत नाही. आपलं बसून राहतं.

ती शेवटची ओळ मी लिहिली नाही.

विसरले नव्हते. पेन त्या जागी आलं होतं. मी खाली रेघ मारली आणि पुढच्या विषयाकडे गेले. कुणाला सांगितलं असतं तर मी कारण काय दिलं असतं? मी नसताना सगळं सुरळीत चाललं, तर मग मी कोण, असं काहीतरी त्या वेळी डोक्यात होतं. स्वतःची समजूतही घातली होती: दुरुस्तीचा दिवस दोन आठवडे लांब आहे, एका दिवसासाठी त्याला ती रीत लागणारच नाही, परत आल्यावर तोंडी सांगून टाकू. हे मी आज पहिल्यांदा लिहिते आहे.

त्या दिवशी सकाळी मी वही आणि दोन पेन्सिली प्लॅस्टिकच्या पिशवीत घातल्या. पेनाची शाई पाण्यात पसरते म्हणून पेन्सिली. वहीत आदल्या दिवशीच पाच पानांवर एक ते पाच आकडे घालून ठेवले होते. सलवार गुडघ्यापर्यंत वर खोचली आणि बाबांच्या मागे बंदरावर आले. पाणी चढत होतं. भाऊ इंजिन बघत होता. बाबा भावाच्या खांद्याला धरून होडीत चढले, मागे सुकाणूपाशी बसले आणि माझ्याकडे हात पुढे केला. हात जरासा माझ्या डावीकडे होता. मी एक पाय पाण्यात ठेवला आणि फोन वाजला.

सात वाजून दहा मिनिटं झाली होती. सहकारी होता. हेड ऑफिसने आदल्या संध्याकाळी कळवलं होतं की मशीनमध्ये एक तातडीची दुरुस्ती आजच्या आज करायला हवी. साहेब म्हणाले, पान आहे ना, कर. तो सहा वाजता येऊन बसला होता. "ताई, तीन मशीन झाली. उठली पण व्यवस्थित. पण काम घेईनात. सगळा भार पापलेट आणि मांदेलीवर आलाय. लेबलं बंद पडली, गेटवर गाड्या उभ्या हायत. पानावर लिवलंय तसंच केलं मी."

मला काय झालंय ते त्याचं बोलणं संपायच्या आत कळलं होतं. एक शब्द आणि मशीनचं नाव. तीन वेळा. बोलायला दहा सेकंदं. 'अरे, खाली ही एक ओळ राहिली बघ,' एवढं म्हणून मी दुसरा पायही होडीत टाकू शकले असते.

पण ते म्हणायचं म्हणजे ती राहिली कशी, हेही आलं. हुशार माणूस तो, पान समोर घेऊन बसलेला. त्याला दिसलं असतं की बाकी सगळं बारीकसारीक लिहिणारी बाई नेमकं हेच विसरली. मी म्हटलं, "कशाला हात लावू नका. मी येते."

बाबांनी ऐकलं होतं. हात मागे घेतला. मला वाटलं, ते चिडतील. चिडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "जा बाय. तुझ्यावाचून अडलंय त्यांचं. मला ठावं हाय ते." त्यांच्या आवाजात चक्क कौतुक होतं. मी वही भावाच्या हातात दिली आणि, पांढऱ्या पंख्याचं सांगायचंही विसरून, ओल्या पायाने रिक्षात बसले.

अर्ध्या वाटेवर टँकरची रांग लागली. रिक्षावाला म्हणाला, "मॅडम, आगे सब जाम है," आणि इंजिन बंद करून तंबाखू मळायला लागला. तेवढ्यात पुन्हा फोन. सहकाऱ्याचंच नाव. साडेसात वाजत होते. मी फोनकडे बघत बसले. आता तो विचारणार, ताई, तोपर्यंत फोनवरच सांगा ना काय ते. मी काय उत्तर देणार होते? फोन वाजून वाजून थांबला. परत वाजला. मी तो उलटा करून मांडीवर ठेवला. रिक्षावाल्याने एकदा मागे वळून बघितलं. पुढे टँकर, मागे टँकर, दोन्ही बाजूंना कुंपणं, आणि मी मधे बसलेली. उतरून चालत जाईन म्हटलं तरी मला नक्की कुठल्या दिशेला चालायचं होतं ते सांगता आलं नसतं.

कंपनीत पोचले तेव्हा गेटवर एकही गाडी उभी नव्हती. कॉम्प्युटरच्या खोलीत सहकारी चहा पीत होता. पडद्यावर पाचही नावं, पाचही 'रेडी', सगळ्यांवर कामं. लेबलं धडाधड छापून निघत होती.

"झालं ताई," तो म्हणाला. "तुमी हात लावू नका बोल्लात, पण गाड्या लय झाल्या. मग म्हटलं, टूललाच विचारावं. मदत म्हणून लिवलं तर त्याने सगळ्या कमांडची यादीच दिली. ड्रेनच्या बाजूलाच होती ही." त्याने माझं पान माझ्यापुढे सरकवलं. मी रेघ मारली होती तिच्या वर, उरलेल्या चिंचोळ्या जागेत, त्याने निळ्या बॉलपेनने बारीक अक्षरात ती ओळ लिहिली होती. "तुमच्याकडून रायली असंल."

"हो," मी म्हटलं. "राहिली."

"मी तुमाला लगेच फोन केलेला. म्हटलं, वळा मागे, होडी मिळंल अजून. दोनदा केला."

"रिक्षाच्या आवाजात ऐकू नाही आला."

तो माझ्याकडे बघत राहिला. फार नाही, एक घोट चहा होईल एवढा वेळ. माझी गुडघ्यापर्यंत खोचलेली सलवार, पायाला लागलेला चिखल, हे सगळं त्याने बघितलं असावं. मग तो पडद्याकडे वळला. तेवढ्यात साहेब आत आले, त्यांनी आधी पडदा बघितला, मग मला बघितलं आणि टाळी वाजवली. "मॅडम आल्या आणि सुटलं सगळं! मी म्हणत नव्हतो?" सहकाऱ्याने उरलेला चहा संपवला. मी खुर्ची ओढली. साहेबांनी मला दुपारपर्यंत बसवून ठेवलं, आणखी काही बिघडू नये म्हणून. मी पडद्यासमोर बसून होते, चालू होते, पण हाताशी काम काही नव्हतं.

चार वाजता मी बंदरावर पोचले. खाडीत पाणी नव्हतं. बाबा आणि भाऊ होडी तोंडाशी नांगरून गुडघाभर चिखलातून चालत येत होते. भावाने बाबांचा दंड धरला होता. वही त्याच्या टोपीत होती. पहिल्या चार पानांवर त्याच्या किरट्या अक्षरात काहीबाही लिहिलं होतं, मोबाइलवर जागाही टिपल्या होत्या. पाचव्या पानावर माझा आकडा होता, आणि खाली कोरं.

"तासभर फिरलो," भाऊ म्हणाला. "काका बोलतात निळी शेड, मला सात निळ्या शेडी दिसतात. एका जागेवर जाळं टाकून पण बघितलं. फाटलं नाय, काय नाय. नुसतं पाणी." मग म्हणाला, "आमी लगेच निघालो नव्हतो. पावणेआठ वाजून गेले, होडी खाली टेकायला लागली तरी काका थांबले होते. बोलत होते, येईल ती परत, लवकर होईल तिचं काम."

पावणेआठ. दुसऱ्यांदा फोन वाजला तेव्हा साडेसात झाले होते, आणि मी अर्ध्याच वाटेवर होते.

मी बाबांना म्हटलं, पुढच्या भांगाला जाऊ. नक्की जाऊ. ते नळाखाली पाय धूत होते. म्हणाले, "आज मला चिमणी पण अंधुक दिसली गो. पुढच्या वेळी दाखवू काय मी?" आणि खरंच, पुढच्या भांगाला ते बंदरावरसुद्धा आले नाहीत. मी एकटी गेले भावाबरोबर, पंख्याची शेड अचूक ओळखली, पण ती कशाच्या रेषेत आणायची ते मला ठाऊक नव्हतं. दुसरी खूण काय, हे बाबांना जागेवर उभं राहिल्याशिवाय आठवत नव्हतं आणि जागेवर उभं राहून आता दिसत नव्हतं. पाचवा खडक आहे तिथेच आहे. तो आता कुणाचाच नाही.

पण ते पुढचं. त्या संध्याकाळी पाय धुऊन ते ओट्यावर बसले. मी चहा दिला. त्यांनी विचारलं, "झालं काय गो तुझं काम?"

"झालं."

"तुझ्यावाचून झालं नसतं ना?"

ते माझ्याकडे बघत होते, म्हणजे माझ्या कानाच्या जरा बाजूला. माझ्या डोळ्यांपुढे ती निळ्या बॉलपेनची ओळ होती. खरं सांगायची तीच वेळ होती आणि मला ते कळतही होतं. पण खरं सांगितलं असतं तर त्यांचा पाचवा खडक उगाच गेला असं झालं असतं. निदान कशासाठी तरी गेला, एवढं तरी त्यांच्याकडे राहू दे असं मला वाटलं. की मलाच तोंड नव्हतं, कोण जाणे.

"नाय," मी म्हटलं. "नसतं झालं."

"मंग बरं झालं गेलीस," ते म्हणाले आणि बशीत चहा ओतला.

आता त्यांना फारसं दिसत नाही. दिवसभर ओट्यावर बसतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून ती गोष्ट सांगतात. होडी निघायला टेकली होती, मुलीला फोन आला, ती तशीच ओल्या पायांनी गेली, ती गेली नसती तर सगळी फॅक्टरी बंद पडली असती. सांगून झालं की आवाजाच्या अंदाजाने माझ्याकडे वळतात आणि विचारतात, "काय गो, खरं ना?"

मी हो म्हणते.